गाव गेले कुठे? : ‘टोबा टेक सिंह’ पुन्हा वाचताना

सआदत हसन मंटो यांच्या ‘टोबा टेक सिंह’ या कथेविषयी आपल्याकडे एक वाक्य ठरून गेले आहे : ‘यात वेडे शहाणे ठरतात आणि शहाणे वेडे.’ वाक्य टाळ्या घेणारे आहे, चुकीचेही नाही. पण त्यामुळे कथा फार लवकर संपते. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. नववीच्या वर्गाला ही कथा वाचून दाखवली, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “टीचर, गाँव तो अपनी जगापेच है, फिर गया किधर?” मला वाटते, समीक्षेनेही इथूनच सुरुवात करावी.

फाळणीनंतर दोन-तीन वर्षांनी दोन्ही सरकारे कैद्यांप्रमाणे वेड्यांचीही अदलाबदल करायचे ठरवतात, हे कथेचे सूत्र. ही निव्वळ कल्पना नव्हे. १९५० साली अशी अदलाबदल खरोखरच झाली. मंटो स्वतः जानेवारी १९४८ मध्ये मुंबई सोडून लाहोरला गेले आणि पुढे दारूवरील उपचारासाठी तिथल्या वेड्यांच्या इस्पितळात राहिले. १८ जानेवारी १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. ही कथा त्या अखेरच्या वर्षांतली आहे. ज्या आवाराविषयी त्यांनी लिहिले, ते त्यांनी आतून पाहिले होते.

पायाखालची जमीन तीच राहून तिचे नाव बदलले, तर माणूस काय करतो? कथेतला एक वेडा झाडावर चढतो आणि आपण दोन्ही देशांत राहणार नाही, इथेच राहणार, असे जाहीर करतो. एक जण स्वतःला जिना म्हणवून घेतो; लगेच एक शीख मास्टर तारासिंग होतो. दोघा अँग्लो-इंडियनांना काळजी असते ती न्याहारीची : पाव मिळणार की चपाती खावी लागणार? वाचताना हसू येते. मग लक्षात येते की पळ काढणे, पुढाऱ्याचा आवाज आपला मानणे, मोठ्या प्रश्नाला ताटातल्या घासाएवढा करणे हे सारे वेड्यांपुरते नाही. शहाणी माणसेही असेच निभावून नेतात.

बिशनसिंग मात्र यातले काहीच करत नाही. तो पंधरा वर्षे उभा आहे. दिवस-महिन्यांचे भान त्याला नाही. पण घरची माणसे भेटायला येण्याचा दिवस त्याला आपोआप कळतो. त्या दिवशी तो अंघोळ करतो, डोक्याला तेल लावतो, कंगवा फिरवतो. फाळणीनंतर भेटी थांबतात आणि आतून मिळणारी ती खबरही थांबते. वास्तव आपल्याला डोळ्यांनी कळते, असे आपण समजतो. मंटो दाखवतात की ते नेमाने येणाऱ्या माणसांच्या आधारावर उभे असते. त्याच्या बडबडीकडेही नीट पाहावे. तिच्यात आधी मुगाची डाळ आणि लालटेन असते. पुढे लालटेनच्या जागी पाकिस्तानचे सरकार येते आणि मग टोबा टेक सिंहचे. बातमी त्याच्या मनात कशी शिरली, याची ही नोंद आहे. म्हणून अनुवादकाने ही बडबड ‘सुधारून’ घेऊ नये.

कथेचा गाभा मला फजलदीनच्या भेटीत दिसतो. तो शहाणा आहे, जुना दोस्त आहे, त्याच गावाहून आलेला आहे. तुझी माणसे सुखरूप हिंदुस्थानात गेली, असे तो सांगतो आणि रूपकौर या मुलीच्या नावापाशी अडखळतो. मग म्हशींची खबर देतो : एकीला रेडा झाला, दुसरीला पारडी झाली, पण ती सहा दिवसांची होऊन मेली. मुलीविषयी बोलवत नाही, म्हणून तो पारडीचे मरण सांगतो. टोबा टेक सिंह कोणत्या देशात, असे विचारल्यावर आधी एका देशाचे नाव घेतो, मग दुसऱ्याचे. गाव डोळ्यांनी पाहून आलेला माणूसही इथे गडबडतो. म्हणूनच वेडे आणि शहाणे ही सोयीची वाटणी टिकत नाही.

माझी एक तक्रार मात्र राहतेच. रूपकौरला या कथेत आवाज नाही. बापाला पाहून रडणे एवढेच तिच्या वाट्याला आले आहे. मंटोंना तिची कहाणी ठाऊक नव्हती असे नाही. ‘खोल दो’मध्ये त्यांनी ती दुसऱ्या मुलीच्या नावाने लिहिली होती. इथे ती एका अडखळण्यात दडलेली आहे आणि वाचक घाईत असेल तर निसटून जाते.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरच्यांनी १९४७ मध्ये गाव सोडले नाही. तरी ‘तुम्ही मूळचे कुठले?’ हा प्रश्न आपल्या दारापर्यंत आलाच. उर्दूत ‘वतन’ म्हणजे देश आणि ‘वतन’ म्हणजे गावही. आमच्या घरी सुटीत ‘वतनला’ जायचे म्हणजे एस.टी.ने आजोळी जायचे. बिशनसिंगालाही वतनाचा हाच अर्थ माहीत आहे. देशाचा अर्थ सरकारने मागाहून आणला, आणि म्हणून दोन काटेरी कुंपणांमधल्या बेनाव जमिनीवर तो कोसळतो.

त्या मुलीला मी उत्तर दिले नाही. तिच्या वतनाचे नाव फळ्यावर लिहायला सांगितले. तिने फक्त गावाचे नाव लिहिले. तालुका, जिल्हा, राज्य लिहावे असे तिला वाटले नाही. मग आम्ही कथा पुन्हा पहिल्यापासून वाचली.