वाचणारा कवी : सतीश काळसेकर

एखादा कवी संपादनाच्या कामात रमला की त्याच्यातील कवीची हानी झाली, असे मानण्याकडे आपल्या समीक्षेचा कल असतो. सतीश काळसेकर (१९४३–२०२१) यांच्याविषयी असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. ‘इंद्रियोपनिषद्’ (१९७१), ‘साक्षात’ (१९८२) आणि ‘विलंबित’ (१९९७) या त्यांच्या तीन काव्यसंग्रहांत अनुक्रमे अकरा आणि पंधरा वर्षांचे अंतर आहे. शिवाय साहित्य अकादेमीचा २०१३ चा पुरस्कार त्यांना लाभला तो कवितेसाठी नव्हे, तर ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ या गद्यग्रंथासाठी. तथापि हा निष्कर्ष वरवरचा आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

काळसेकरांची वाङ्मयीन जडणघडण साठोत्तरी अनियतकालिकांच्या चळवळीत झाली. तेथे कविता लिहिणे, दुसऱ्याची कविता मिळविणे, ती छापणे आणि वाचकाच्या हाती देणे ही निरनिराळी कामे नव्हती. प्रस्थापित नियतकालिकांनी ज्यांना जागा दिली नाही, त्यांनी स्वतःची जागा निर्माण केली. संपादन हा त्या निर्मितीचाच भाग होता. पुढे लोकवाङ्मय गृहाच्या ‘आपले वाङ्मय वृत्त’चे संपादन करतानाही हीच वृत्ती त्यांच्या ठायी टिकून राहिली.

त्यांच्या संग्रहांची नावेच पाहावीत. पहिल्यात इंद्रियांना उपनिषदाची प्रतिष्ठा आहे. दुसऱ्यात समोरच्या वास्तवाला थेट भिडण्याची प्रतिज्ञा आहे. तिसऱ्यात गायकाची संथ लय आहे. स्वतःच्या अनुभवाकडून इतरांच्या जगण्याकडे आणि तेथून सावकाश चिंतनाकडे जाणारी ही वाट आहे. ‘रोजनिशी’ तिच्याच पुढच्या वळणावर उभी आहे. तिच्या शीर्षकातही लेखक स्वतःला लिहिणारा म्हणवीत नाही, वाचणारा म्हणवितो. हा केवळ विनय नव्हे, ती भूमिका आहे.

या भूमिकेची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. पुस्तकांवरील प्रेमामुळे त्यांच्या गद्यात आस्वाद आणि आत्मीयता यांना जेवढा वाव मिळतो, तेवढा कठोर मूल्यनिर्णयाला मिळत नाही. परंतु ज्या भाषेत लिहिणारे पुष्कळ आणि एकमेकांचे वाचणारे थोडे, तेथे अशा वाचकाचे मोल निर्णयकर्त्याहून कमी नाही. काळसेकरांच्या कवितेचे मूल्यमापन संग्रहांची संख्या मोजून होणार नाही; तिच्या शेजारी त्यांचे वाचन ठेवूनच ते करावे लागेल.