मॉडेलवरून होणारे डेटाबेसचे स्वयंचलित मायग्रेशन : एक चिकित्सा

प्रस्तावना :
नोंदींचे कोष्टक एकदा आखले म्हणजे ते कायम तसेच राहते असे नाही. नियम बदलतात, नवे रकाने येतात, जुने गळतात. डेटाबेसच्या रचनेतील अशा प्रत्येक बदलाची क्रमाने लिहिलेली कृती म्हणजे मायग्रेशन होय. रुबी ऑन रेल्स या प्रणालीने २००५ च्या सुमारास ही पद्धत लोकप्रिय केली. तीत बदलाची कृती मुख्यतः प्रोग्रॅमर स्वतः लिहितो. जँगोसाठी २००८ मध्ये आलेल्या ‘साउथ’ने आणि पुढे सप्टेंबर २०१४ मधील जँगो १.७ ने मॉडेलवरूनच ही कृती तयार करून देण्याची सोय केली. प्रोग्रॅमरने कोडमधील मॉडेलची व्याख्या बदलावी आणि मायग्रेशन यंत्राने लिहावे, अशी ही विभागणी आहे. प्रस्तुत लेखात या विभागणीची चिकित्सा केली आहे.

कार्यपद्धती व लाभ :
जँगो आधीच्या मायग्रेशनांवरून जुनी रचना उभी करते व तिची तुलना आजच्या मॉडेलशी करते. अलेम्बिक हे साधन हीच तुलना प्रत्यक्ष डेटाबेसशी करते. दोन्हींत तत्त्व एकच : दोन स्थितींमधील फरक काढणे. याचे लाभ नाकारता येत नाहीत. बदल विसरला जात नाही, त्याला क्रम मिळतो आणि प्रत्येक संगणकावर तो त्याच क्रमाने लागू होतो. तथापि फरक कळणे आणि बदलाचा हेतू कळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

नामांतर की लोप :
पडेगाव येथील एखाद्या महाविद्यालयाच्या विद्यार्थी-नोंदीचे उदाहरण कल्पावे. ‘पत्ता’ या रकान्याचे नाव ‘कायमचा पत्ता’ असे केले. माणसाच्या दृष्टीने हे केवळ नामांतर आहे. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले तेव्हा एक शहर नष्ट होऊन दुसरे वसले, असे कोणी मानले नाही. यंत्राला मात्र एक रकाना गेलेला व एक आलेला एवढेच दिसते. जँगो अशा वेळी ‘हे नामांतर आहे काय’ असे विचारते, पण नावाबरोबर रकान्याचा प्रकारही बदलला तर तो प्रश्नही येत नाही. अलेम्बिक नामांतर ओळखत नाही. ते जुना रकाना काढून नवा घालण्याची कृती लिहिते. ती न वाचता चालवली तर रचना अचूक होते आणि सर्व विद्यार्थ्यांचे पत्ते पुसले जातात.

सक्तीचा रकाना व जुन्या नोंदी :
दुसरे उदाहरण महाराष्ट्र शासनाच्या २०२४ मधील निर्णयाचे आहे. शासकीय दस्तऐवजांत बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम बंधनकारक झाला. मॉडेलमध्ये ‘आईचे नाव’ हा सक्तीचा रकाना जोडणे ही एका ओळीची बाब आहे. पण आधीच्या हजारो नोंदींत तेथे काय भरावे? जँगो हे मूल्य प्रोग्रॅमरकडे मागते. घाईत एखादे आडवे चिन्ह दिले की तेच प्रत्येक विद्यार्थ्याच्या आईचे नाव म्हणून नोंदले जाते. शासनाने हा प्रश्न तारखेने सोडवला : एका ठरावीक तारखेस व त्यानंतर जन्मलेल्यांनाच हा नियम लागू केला. असा विवेक नियम करणाऱ्याकडे असतो. मॉडेलमधील फरकातून तो निष्पन्न होत नाही.

फेरफार नोंदवहीचा दाखला :
या प्रश्नाचे उत्तर मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे. सातबारा जमिनीची आजची स्थिती सांगतो. ती कशी आली हे गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही सांगते. सातबारा म्हणजे माहिती व मायग्रेशन म्हणजे रचना, हा भेद मान्य करूनही तुलना उपयुक्त ठरते. पडेगावच्या शिवारातील एखाद्या गटाच्या कालच्या व आजच्या उताऱ्यावर दोन वेगळी नावे असतील, तर केवळ उतारे ताडून ती खरेदी, वारसनोंद, वाटणी की चूकदुरुस्ती हे सांगता येणार नाही. ते कारण फेरफारात असते. म्हणूनच महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार फेरफाराची नोंद झाली की हितसंबंधितांना सूचना जाते, हरकती ऐकल्या जातात आणि प्रमाणनानंतरच ती पक्की होते. फेरफारातून सातबारा घडतो. दोन सातबारे ताडून फेरफार लिहिला जात नाही. स्वयंचलित मायग्रेशन नेमका हा क्रम उलटा करते.

मायक्रोसॉफ्टच्या एन्टिटी फ्रेमवर्कचा इतिहास येथे बोलका आहे. २०१२ मधील ४.३ या आवृत्तीत, मायग्रेशनची फाइलही न लिहिता रचना आपोआप बदलण्याची सोय होती. पुढील एन्टिटी फ्रेमवर्क कोअरमध्ये ती ठेवली गेली नाही. तेथे मायग्रेशन फाइल म्हणून लिहिले जाते व वाचता येते.

निष्कर्ष :
यंत्राने लिहिलेले मायग्रेशन हा मसुदा आहे, निर्णय नव्हे. मसुदा करण्याचे श्रम यंत्राने अवश्य वाचवावेत; परंतु तो वाचणे, बदलाचे कारण त्यात लिहिणे, खऱ्या नोंदींच्या प्रतीवर तो चालवून पाहणे आणि मगच तो मान्य करणे ही जबाबदारी माणसाचीच राहते. संगणकशास्त्राच्या अध्यापनात मायग्रेशन तयार करण्याची आज्ञा शिकवली जाते. त्याबरोबर तयार झालेली फाइल वाचण्याचा सरावही प्रात्यक्षिकात समाविष्ट व्हावा. प्रमाणनाशिवाय फेरफार पक्का होत नाही, हे ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्याला ही शिस्त परकी वाटण्याचे कारण नाही.