कपाटापर्यंतचा जिना

न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये, ईस्ट नदीच्या काठावर हंटर्स पॉइंट लायब्ररी आहे. रचना स्टीव्हन हॉल या नामांकित आर्किटेक्टची, खर्च ४ कोटी डॉलरच्या वर. सप्टेंबर २०१९ मध्ये ती उघडली तेव्हा समीक्षकांनी भरभरून कौतुक केलं. मी ती फक्त फोटोंत पाहिली आहे, पण तेवढ्यानेही भुरळ पडते. काँक्रीटच्या भिंतीत कापलेल्या प्रचंड खिडक्या. जिना चढता चढता एका बाजूला पुस्तकं, दुसऱ्या बाजूला नदीपलीकडचं मॅनहॅटन.

घोळ याच जिन्यात आहे. कथा-कादंबऱ्यांची कपाटं दोन मजल्यांमधल्या तीन टप्प्यांवर मांडली होती आणि तिथे फक्त पायऱ्यांनीच जाता येत होतं. लिफ्ट होती, पण ती या टप्प्यांवर थांबत नव्हती. टीका झाल्यावर उत्तर आलं: हवं ते पुस्तक कर्मचारी आणून देतील.

मी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे याला वर्कअराउंड म्हणतात. दोष तसाच ठेवायचा आणि बाजूने वाट काढून द्यायची. इथे ती वाट मला टोचली, कारण आमच्या घरातला तो ‘कर्मचारी’ मी होतो. माझी आत्या पोलिओमुळे कुबड्या घेऊन चालते. गावातलं वाचनालय पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद. शाळेत असताना तिची पुस्तकं मीच बदलून आणायचो. कोणतं आणू विचारलं की म्हणायची, "आण रे, तुला दिसेल ते." मला वाटायचं, तिला काहीही चालतं. पण तिने ती कपाटं कधी पाहिलीच नव्हती, मग नाव कशाचं सांगणार? माझ्या आवडीपायी तिने कित्येक वर्षं रहस्यकथा वाचल्या.

म्हणून ‘इमारत सुंदर, फक्त थोडी गैरसोयीची’ हा शेरा मला पटत नाही. रेंगाळत, चाळत, नकळत भलतंच पुस्तक हाती लागणं, हेच या इमारतीचं सौंदर्य; आणि काही वाचकांना नेमकं तेच नाकारलं होतं. अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा कायदा १९९० पासून आहे, तरीही हे घडलं. पुढे त्या टप्प्यांवरची पुस्तकं दुसरीकडे हलवली, नोव्हेंबर २०१९ मध्ये न्यायालयात दावाही दाखल झाला. म्हणजे जिच्यासाठी एवढा घाट घातला, ती रचनाच मोडली. लिफ्टचा विचार कागदावरच झाला असता, तर ती सगळ्यांसाठी टिकली असती.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशी असून चालणार नाहीत, किमान निकष बंधनकारक हवेत. आमच्या वाचनालयाचा जिना अजून तसाच आहे.

गेल्या दिवाळीत मी तिथून आत्याला व्हिडिओ कॉल केला आणि फोन कपाटांवरून सावकाश फिरवला. हाही वर्कअराउंडच. "थांब, जरा मागे घे," ती म्हणाली. दहा मिनिटांत तिने मी सुचवलेली चार पुस्तकं नाकारली आणि एक जाडजूड प्रवासवर्णन निवडलं.