नट, भूमिका आणि नाव : इयन मॅकेलन यांचे आत्मप्रकटन

नटाच्या खाजगी आयुष्याचा त्याच्या भूमिकेशी संबंध काय, हा प्रश्न नाट्यसमीक्षा बहुधा अप्रस्तुत मानते. संहितेचे अर्थ वाहून नेणारे शरीर, एवढीच नटाची दखल घेतली जाते. इंग्रज नट इयन मॅकेलन यांची कारकीर्द या गृहीतकाची फेरतपासणी करावयास लावते.

1969 मध्ये एडिंबरो महोत्सवात मॅकेलन यांनी शेक्सपिअरचा दुसरा रिचर्ड व मार्लोचा दुसरा एडवर्ड अशा दोन भूमिका केल्या. नाटकांची शासकीय पूर्वतपासणी आदल्याच वर्षी रद्द झाली होती. त्यामुळे एडवर्ड आणि गॅव्हेस्टन यांचे प्रेम रंगमंचावर उघडपणे दाखविता आले. ते दाखविणाऱ्या नटाने स्वतःविषयी बोलावे, अशी मुभा मात्र व्यवसायात नव्हती. जॉन गिलगुड यांना 1953 मध्ये झालेली अटक आणि दंड ही फार जुनी गोष्ट नव्हती.

1979 मध्ये रॉयल कोर्ट येथे त्यांनी मार्टिन शर्मन यांच्या 'बेंट'मधील मॅक्स साकारला. नाझी छळछावणीत गुलाबी त्रिकोण टाळण्यासाठी मॅक्स ज्यूंचा पिवळा तारा मिळवितो. अखेरीस मृत सोबत्याचा गुलाबी त्रिकोण असलेला अंगरखा चढवून विद्युत्प्रवाही कुंपणाकडे जातो. चिन्ह नाकारण्यापासून ते स्वीकारण्यापर्यंतचा हा प्रवास अद्याप मौन पाळणारा नट करीत होता.

जानेवारी 1988 मध्ये, वयाच्या 48व्या वर्षी, बीबीसी रेडिओ 3वरील चर्चेत मॅकेलन यांनी आपण समलिंगी असल्याचे सांगितले. विषय होता 'कलम 28' : स्थानिक शासनसंस्थांना समलैंगिकतेच्या 'प्रचारा'स मनाई करणारी तरतूद. ही उक्ती कबुलीजबाब नव्हती, हे लक्षात घ्यावयास हवे. फूकोच्या विवेचनात कबुली ऐकणाऱ्याचे वर्चस्व दृढ करते; येथे बोलणारा कायद्याच्या भाषेतील 'ते' या सर्वनामाच्या जागी 'मी' ठेवतो. कायदा थांबला नाही. तो त्याच वर्षी लागू झाला आणि इंग्लंड-वेल्समध्ये 2003 पर्यंत टिकला. बदलली ती बोलणाऱ्याची जागा.

1990 मध्ये नॅशनल थिएटरमध्ये मॅकेलन पुन्हा मॅक्स झाले. संहिता तीच होती. प्रेक्षकाचे ज्ञान वेगळे होते. नटाच्या देहावर त्याच्या पूर्वीच्या भूमिकांच्या सावल्या असतात, असे मार्व्हिन कार्ल्सन म्हणतात. त्या सावल्यांत आता सार्वजनिक उच्चाराचीही भर पडली होती.

मग नट आत्मचरित्रात बंदिस्त होतो काय? 1989च्या 'स्कँडल' चित्रपटात त्यांनी स्त्रीसंबंधामुळे पदच्युत झालेल्या प्रोफ्यूमो या मंत्र्याची भूमिका केली. 1990 मध्ये तिसरा रिचर्ड उभा केला. प्रकटनाने त्यांच्यासाठी भूमिकांचे क्षेत्र आकुंचित केले नाही. किंबहुना, नटाचे सत्य आणि भूमिकेचे सत्य वेगळे ठेवण्याचे कौशल्य म्हणजे अभिनय, ही जुनी धारणा आता लपविण्याच्या सक्तीवाचून सिद्ध झाली.

तरीही एक प्रश्न उरतो. 1991च्या आरंभी मॅकेलन यांना 'सर' हा किताब जाहीर झाला, तेव्हा चित्रपटदिग्दर्शक डेरेक जारमन यांनी जाहीर आक्षेप घेतला : कलम 28 आणणाऱ्या शासनाकडून सन्मान कसा स्वीकारावा? अनेक समलिंगी कलावंतांनी मॅकेलन यांची बाजू घेतली. हा वाद व्यक्तींपुरता नाही. उच्चारलेल्या नावाला सत्ता मान्यता देते, तेव्हा त्या नावातील प्रतिकार क्षीण होतो की त्याला व्यासपीठ लाभते, हा त्यातील खरा पेच आहे. मॅकेलन यांनी दुसरी शक्यता गृहीत धरली. जारमन यांचा आक्षेप तिची किंमत विसरू देत नाही. नटाचा अभ्यास करणाऱ्या समीक्षेला या दोहोंची नोंद घ्यावी लागेल.