बसचालक घरी गेल्यावर

मराठी मंडळांत हल्ली संक्रांत-गणपतीच्या जोडीला आणखी एक कार्यक्रम हमखास असतो: 'नोकरी आणि घर यांचा समतोल'. तिसऱ्या-चौथ्या स्लाइडवर डॅनियल गोलमन यांचं नाव येतंच. म्हणून त्यांचं 'इमोशनल इंटेलिजन्स' (१९९५) पुन्हा नीट वाचलं. पुस्तक आजही वाचनीय आहे, हे आधीच सांगते.

मूळ संकल्पना त्यांची नव्हे. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्ये ती मांडली, तेव्हा तिचा आवाका माफक होता: आपल्या आणि दुसऱ्याच्या भावना ओळखायच्या आणि विचार करताना त्यांचा उपयोग करायचा. गोलमन यांनी त्यात चिकाटी, संयम, आशावाद असं बरंच काही भरलं. भाजी आणि साबण एकाच पिशवीत घालावेत तसं. क्षमता कुठे संपते आणि स्वभाव कुठे सुरू होतो, ते मग कळेनासं झालं. यशात बुद्ध्यंकाचा वाटा साधारण २० टक्के, असं त्यांनी लिहिलं. उरलेले ८० टक्के 'ईक्यू'चे, हा अर्थ लोकांनी लावला. तो चुकीचा असल्याचं गोलमन यांनी पुढे स्वतःच स्पष्ट केलं, पण स्लाइडवरचे ८० टक्के काही हटत नाहीत.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. पुस्तकाच्या सुरुवातीलाच न्यूयॉर्कमधला एक बसचालक भेटतो. ऑगस्टमधली उकाड्याची दुपार, वैतागलेले प्रवासी, आणि प्रत्येकाचं हसून स्वागत करणारा, वाटेतल्या दुकानांची नि सिनेमांची बडबड करणारा हा गृहस्थ. उतरेपर्यंत प्रवाशांच्या कपाळावरच्या आठ्या गेलेल्या असतात. प्रसंग सुंदर आहे. पण शिफ्ट संपवून घरी गेल्यावर त्याच्यात किती हसू शिल्लक उरत असेल, हे गोलमन विचारत नाहीत.

ते विचारलं होतं समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी, बारा वर्षं आधी. 'द मॅनेज्ड हार्ट' (१९८३) या पुस्तकासाठी त्यांनी डेल्टा एअरलाइन्सच्या हवाई सुंदरींचा अभ्यास केला. विमान म्हणजे आपला दिवाणखाना आणि प्रवासी म्हणजे घरी आलेले पाहुणे, असं मानायला त्यांना प्रशिक्षणात शिकवलं जाई. हसू ओठांपुरतं चालत नसे, आतून यावं लागे. मग घरी परतल्यावरही ते चेहऱ्यावरून उतरेना. हॉकशील्ड यांनी याला 'भावनिक श्रम' म्हटलं. श्रम म्हटले की मजुरी आली, थकवा आला, कोणाच्या वाट्याला किती हा हिशेब आला. तेच 'बुद्धिमत्ता' म्हटलं की हिशेब मिटतो आणि उरते फक्त तुमची लायकी.

घराचा हिशेब त्यांनी 'द सेकंड शिफ्ट'मध्ये (१९८९) मांडला. त्यातलं होल्ट दांपत्य विसरता येत नाही. भांडून थकल्यावर दोघं वाटणी करतात: वरचा मजला तिचा, खालचा त्याचा. वर स्वयंपाकघर, झोपायच्या खोल्या, मूल. खाली गॅरेज आणि कुत्रा. आणि आमचं निम्मं-निम्मं आहे, असं दोघंही मनापासून सांगतात. इथे कोणाचा 'ईक्यू' कमी आहे? माझ्या मते नॅन्सी होल्टचा भरपूर आहे. राग गिळण्याचं कौशल्य तिने इतकं कमावलंय की अन्यायाचं नावच समझोता झालं.

पुण्या-मुंबईत आपल्यासारख्या घरांत हा प्रश्न टोकाला जात नाही, कारण भांडी घासायला मावशी येतात, पोळ्यांना वेगळ्या बाई येतात आणि शाळा सुटल्यावर नातवंडांना आणायला आजोबा असतात. नवरा-बायकोतली बरोबरी तिसऱ्याच कोणाच्या तरी हातांवर तोललेली असते. इथे आलो की ते हात नाहीत. रविवारी रात्री, सोमवारच्या लॅब मीटिंगच्या स्लाइड्स आणि उसळीला भिजवायचे मूग एकाच वेळी आठवतात, तेव्हा मला काही मानसिक व्यायाम नको असतो, मूग भिजवणारं माणूस हवं असतं.

हॉकशील्ड यांच्या पुस्तकातही आपण पुरते मावत नाही. त्यांच्या घरांत रोज सकाळी साडेनऊ-साडेदहा तास पुढे असलेल्या आईवडिलांना, 'सगळं छान चाललंय' असं हसून सांगायचं नसतं. ते आतून आलेलं हसूच, फक्त गणवेश नाही. आणि एच-४ व्हिसावर आलेली, पदवी कपाटात ठेवलेली माणसंही तिथे नाहीत. त्यांतल्या काहींना २०१५ पासून कामाची परवानगी मिळू लागली. बाकीच्यांना पहिली शिफ्टच नाही, मग त्यांच्या दिवसभराच्या राबण्याला दुसरी कसं म्हणायचं?

सगळं वाचायला सवड कोणाला आहे! गोलमन यांचं लग्नावरचं प्रकरण वाचा. भांडताना शरीरात काय होतं आणि तुच्छतेने नातं कसं पोखरतं, हे त्यात उत्तम आलंय. त्यानंतर होल्ट दांपत्याचं प्रकरण वाचा, आणि जमलं तर दोघांनी मिळून. आधी कोणी वाचायचं आणि तेवढा वेळ मूल कोणाकडे, हे मात्र पुस्तक उघडण्यापूर्वी ठरवावं लागेल.