बारा महिन्यांची वाट

'निसर्गाच्या सान्निध्यात मनःशांती लाभते' हे वाक्य मला दरवर्षी निदान तीस-चाळीस वह्यांत सापडते. 'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध घातला की मुले धरतीला हिरवा शालू नेसवतात, पानांवर मोती ठेवतात आणि शेवटी ही मनःशांती आणून पान संपवतात. मी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढीत नाही. आपल्या ललित लेखनातही तेच वाक्य बऱ्या कपड्यांत पुष्कळदा भेटते. मुलांनी ते आपल्याकडूनच उचलले आहे.

या सवयीवर मराठीत एक उत्तम उतारा आहे. दुर्गा भागवत यांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली प्रसिद्ध झाले. त्यातल्या भाषेची आणि रंगगंधांच्या सूक्ष्म जाणिवेची रसिकांनी वाखाणणी केली, ती रास्तच होय. परंतु पुस्तकाच्या बांधणीकडे जावे तितके लक्ष गेले नाही, असे मला वाटते. बारा महिन्यांवर बारा लेख, ही केवळ मांडणीची सोय नव्हे. तो या पुस्तकाचा विचारच आहे. श्रावणावर लिहावयास कोणीही पुढे येईल. आपली श्रावणाची आवड मात्र बहुधा देखाव्याची असते. ज्याला बाराही महिने लिहावयाचे आहेत त्याला धूळ, पानगळ, कुजणे, उकाडा यांतले काहीच वगळता येत नाही. आवडता महिना निवडण्याचा हक्क लेखिकेने आधीच सोडून दिला आहे, आणि या पुस्तकातला आनंद त्या त्यागातून आला आहे.

हे मला पुस्तक वाचून नव्हे, चालून कळले. वडील गेले त्या वर्षी मला झोप येईनाशी झाली. कोणीतरी म्हणाले, पहाटे फिरून येत जा, मन शांत होईल. शाळेमागच्या टेकडीवरील देवळापर्यंत मी जाऊ लागलो. श्रावणच होता. वाटेच्या दोन्ही अंगांना तेरडा फुललेला, ऊन आणि सरी यांची लपाछपी चाललेली. सारे काही होते, आणि मन होते तिथेच होते. उलट, इतक्या देखण्या सकाळी आपल्याला काहीच कसे वाटत नाही, ही नवी टोचणी लागली. मार्गशीर्षात मी फिरणे सोडून दिले.

त्याच सुमारास 'ऋतुचक्र' पुन्हा हाती आले आणि चूक उमगली. मी झाडाकडे पाहत नव्हतो, झाडाकडे मागत होतो. दुर्गाबाई मागत नाहीत. मध्य प्रदेशात आदिवासींमध्ये संशोधन करताना झालेल्या विषबाधेने त्यांना दीर्घ आजारपण आले होते; तरीही निसर्गाला त्या वैद्य करीत नाहीत. त्या पाहतात, नाव विचारतात, लोककथा आठवतात, पुन्हा पाहतात. शांती आलीच तर मागाहून, न बोलावता येते.

माघाच्या अखेरीस मी पुन्हा टेकडी चढू लागलो. देवळापुढचा पिंपळ पानगळीला लागला होता; पायऱ्यांवर पानांचा खच. रोज थोडे अधिक आभाळ दिसे. मग एके सकाळी फांद्यांच्या टोकांशी तांबूस, तेलकट चकाकीची कोवळी पाने दिसली. त्या दिवशीही वडील आठवले; पण आठवण गळ्याशी आली नाही, शेजारून चालत राहिली.

व्यंकटेश माडगूळकरांचे 'नागझिरा' याच्या शेजारी ठेवून पाहावे. तेथेही पाहणे कसून आहे, आणि वाक्य तर अधिक मोकळे. परंतु तेथे माणूस आपले गाव सोडून अरण्यात जातो आणि परततो. 'ऋतुचक्रा'ला अरण्याची गरज नाही. मुंबईसारख्या शहरात राहूनही वर्ष डोळ्यांसमोर फिरते, हे त्याने दाखविले. रजा आणि पैसा या दोहोंची चणचण असलेल्या वाचकाला हा केवढा आधार!

दोष नाहीत असे नव्हे. संस्कृतप्रचुर विशेषणांची गर्दी कोठे कोठे एवढी होते की फूल मागे राहते आणि शब्दच पुढे येतात. शिवाय हा डोळा पाहणाऱ्याचा आहे, राबणाऱ्याचा नव्हे. ज्येष्ठातल्या ढगाकडे पेरणी खोळंबलेला माणूस ज्या नजरेने पाहतो, ती नजर या पुस्तकाबाहेरची आहे.

आणखी एक गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी. आपले चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे. सूर्याच्या वर्षाहून अकरा दिवसांनी तोकडे. ती तूट अधिक मास भरून काढतो. म्हणून एखाद्या साली पळस माघातच पेटतो, एखाद्या साली फाल्गुनाची वाट पाहतो. अलीकडे तर अवेळी पावसाने हिशेब आणखी विस्कटला आहे. तेव्हा 'ऋतुचक्र' पंचांगासारखे वाचून भागत नाही. पुस्तक मिटून बाहेर पडावे लागते, आणि आज झाड काय करीत आहे ते झाडापाशी जाऊनच पाहावे लागते.

यंदा मी निबंधाचा विषय बदलला. शाळेच्या वाटेवरचे एक झाड निवडा आणि दर महिन्याला त्याविषयी चार ओळी लिहा, असे मुलांना सांगितले. आषाढातल्या वहीत एका मुलीने लिहिले होते, 'झाड ओले आहे. अजून काही झालेले नाही.' त्या ओळीखाली मी 'छान' लिहिले.