१७.२ चे काय झाले?

हळदीतील मेटॅनिल यलो ओळखण्याचा प्रयोग आपल्यापैकी अनेकांनी वर्गात करून दाखवला असेल. परीक्षानळीत चिमूटभर हळद घ्यायची, पाण्यात हलवायची आणि संहत हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार-पाच थेंब टाकायचे. रंग गुलाबी झाला की ‘भेसळ आहे’ असे वहीत लिहून मुले मोकळी होतात. पण तीव्र आम्लात शुद्ध हळदही लालसर होते. नळीत आणखी पाणी घातले की शुद्ध हळदीचा तो रंग जातो आणि मेटॅनिल यलोचा टिकतो. भेसळ ठरते ती या शेवटच्या पायरीवर. ती गाळली तर गावातला प्रत्येक दुकानदार चोर ठरेल. विज्ञान प्रदर्शनांत ही पायरी गाळलेली आम्ही अनेकदा पाहिली आहे, आणि शेजारी खात्रीच्या हळदीची दुसरी नळी तुलनेसाठी ठेवलेली क्वचितच.

शाळेत अशी चूक झाली तर फार तर एक गुण जातो. सरकारी तपासणीत झाली तर काय होते, हे समजून घेण्यासाठी २०१५ सालच्या मॅगी नूडल्सच्या प्रकरणासारखे दुसरे उदाहरण नाही. त्या वेळी आपण सर्वांनीच कोणती ना कोणती बाजू घेतली होती. आता धुरळा खाली बसला आहे. तेव्हा त्या प्रकरणातील तपासण्या, बंदीचा आदेश आणि न्यायालयाचा निकाल हे सारे एखाद्या विद्यार्थ्याची प्रयोगवही तपासावी तसे तपासावे, एवढाच येथे हेतू आहे.

प्रकरणाची सुरुवात झाली उत्तर प्रदेशातील बाराबंकी येथे. २०१४ साली तेथील अन्न निरीक्षकाने घेतलेला नमुना गोरखपूरच्या प्रयोगशाळेत गेला. प्रश्न शिशाचा नव्हताच. पाकिटावर ‘मोनोसोडियम ग्लुटामेट घातलेले नाही’ असे छापले होते आणि ते खरे आहे का, एवढेच पाहायचे होते. ग्लुटामेट सापडले, कंपनीने निष्कर्ष अमान्य केला, आणि नमुना कोलकात्याच्या केंद्रीय प्रयोगशाळेकडे फेरतपासणीला गेला. तेथील अहवाल २०१५ साली आला. त्यात शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत १७.२ भाग, म्हणजे प्रयोगशाळांच्या भाषेत १७.२ पी.पी.एम., असे नोंदले होते. कायद्याची मर्यादा २.५ ची होती.

सत्तर ग्रॅमच्या पाकिटासाठी हा हिशेब मुलांकडून करून घेण्यासारखा आहे. मर्यादेइतके शिसे असेल तर पाकिटात ०.१७५ मिलिग्रॅम येते, आणि १७.२ ने गुणल्यास सुमारे १.२ मिलिग्रॅम. जवळजवळ सातपट. शिसे मुलांच्या वाढत्या मेंदूला अपाय करते आणि त्याची निर्धोक अशी मात्रा सांगता येत नाही. त्यामुळेच जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने शिशासाठी पूर्वी दिलेली सह्य साप्ताहिक मात्रा २०१० साली मागे घेतली. तेव्हा या आकड्याने देश हादरला यात लोकांचे काही चुकले नाही.

पुढच्या काही आठवड्यांत राज्याराज्यांतून नमुने गोळा झाले आणि निष्कर्षांचा मेळ बसेना. दिल्लीत शिसे मर्यादेपेक्षा जास्त निघाले, तर गोव्यात ते मर्यादेच्या आत निघाले. ५ जून २०१५ रोजी केंद्रीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने मॅगीच्या नऊही प्रकारांवर देशभर बंदी घातली. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्राच्या अन्नसुरक्षा आयुक्तांनी आपला आदेश काढला.

प्रयोगवही तपासणारा शिक्षक येथे पहिला लाल शेरा मारील. एकाच वस्तूची दोन ठिकाणी दोन उत्तरे आली, तर आधी मापन तपासायचे. अन्नातले शिसे मोजणे नाजूक काम आहे. नमुना जाळून राख करायची किंवा आम्लात पचवायचा, आणि त्या द्रावणातले शिसे वर्णपटाच्या साहाय्याने मोजायचे. काचसामान, पाणी, स्वतः आम्ल, हवेतली धूळ, कोठूनही शिसे द्रावणात येऊ शकते. म्हणून दर वेळी अन्न न घालता तीच सर्व कृती करून एक कोरी चाचणी घ्यावी लागते, आणि शिशाचे प्रमाण आधीच ठाऊक असलेला प्रमाण नमुनाही सोबत तपासावा लागतो. हळदीच्या दुसऱ्या नळीचेच हे मोठे भावंड. हे काम अमुक प्रयोगशाळा नीट करते याची बाहेरून खात्री करून देण्यासाठी एन.ए.बी.एल. ही प्रत्यायन देणारी यंत्रणा आहे. ही मान्यता एकेका चाचणीपुरती असते. कीटकनाशके मोजण्यासाठी मान्य असलेली प्रयोगशाळा शिसे मोजण्यासाठी मान्य असेलच असे नाही.

दुसरा वाद अधिक मनोरंजक आहे, आणि वर्तमानपत्रांनी त्याच्याकडे फारसे लक्ष दिले नाही याचे आम्हाला आश्चर्य वाटते. तपासायचे काय? मसाल्याची पुडी वेगळी की शिजवून खातो तो सगळा पदार्थ? कंपनीचे म्हणणे असे की मसाला कोणी नुसता खात नाही. प्राधिकरणाला ते मान्य नव्हते. समजा, शंभर ग्रॅम मालात दहा ग्रॅम मसाला आहे, मसाल्यात शिसे ५ पी.पी.एम. आणि शेवयांत ०.५ पी.पी.एम. मसाला वेगळा तपासला तर तो मर्यादेच्या दुप्पट भरतो. सगळे एकत्र करून तपासले तर ०.९५ येते, म्हणजे मर्यादेच्या बरेच खाली. माल तोच, शिसे तेवढेच, आणि निकाल उलट. दोन्ही पद्धतींचे समर्थन करता येईल. मसाल्यासाठी घेतलेल्या तिखटा-धण्यात शिसे असेल तर ते पकडले जावे, हे प्राधिकरणाचे म्हणणे आम्हाला अधिक पटते. पण कोणती पद्धत वापरणार हे नमुना घेण्याआधी ठरलेले आणि जाहीर झालेले असावे लागते. सामना संपल्यावर सीमारेषा आखून चालत नाही.

१३ ऑगस्ट २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने दोन्ही आदेश रद्द केले. निकालाची कारणे विज्ञानशिक्षकाला ओळखीची वाटतील. तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळांना कायद्याला हवी तशी मान्यता नव्हती, नमुने घेण्याची सक्तीची पद्धत पाळली गेली नव्हती, आणि कंपनीला बाजू मांडण्याची संधी मिळाली नव्हती. यातली नमुन्याची पद्धत तर वर्गात सांगावी इतकी सुंदर आहे. २००६ च्या कायद्याच्या ४७ व्या कलमाप्रमाणे नमुन्याचे चार भाग करून मोहोरबंद करायचे. एक भाग विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहतात, आणि व्यावसायिकाने मागणी केल्यास चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जातो. कोणाचाही शब्द प्रमाण मानायचा नाही, वाद झाला तर तोच माल पुन्हा मोजता आला पाहिजे, हे तत्त्व कायदा लिहिणाऱ्यांना पक्के ठाऊक होते. विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यावा असेही कायदा म्हणतो. बाराबंकीच्या नमुन्याला अखेरच्या आकड्यापर्यंत पोहोचायला वर्ष उलटले.

निकालाचे हे कौतुक मनापासून आहे, पण त्याच वहीत आणखी एक लाल शेरा मारावा लागतो. न्यायालयाने मोहाली, जयपूर आणि हैदराबाद येथील मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत फेरतपासणी करण्यास सांगितले. ऑक्टोबरमध्ये सहा प्रकारांचे नव्वदही नमुने मर्यादेत असल्याचे जाहीर झाले, आणि नोव्हेंबरात मॅगी दुकानांत परत आली. परंतु हे नमुने कंपनीजवळच्या साठ्यातून आले होते. नमुने तटस्थ यंत्रणेने घ्यायला हवे होते, असा आक्षेप घेऊन प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. आक्षेप रास्त होता. कंपनीने काही बदमाशी केली असे येथे कोणी म्हणत नाही. परीक्षार्थीनेच प्रश्न निवडले तर तो प्रामाणिक असला तरी परीक्षेला अर्थ राहत नाही, इतकेच. मात्र हा आक्षेप नमुन्याचे नियम स्वतः मोडलेल्या बाजूकडून आला, आणि म्हणून त्याला वजन राहिले नाही.

ग्लुटामेटच्या मूळ तक्रारीचे काय झाले, तेही सांगून टाकू. इकेडा यांनी १९०८ साली जपानमध्ये समुद्रशैवालातून वेगळे काढलेले हे द्रव्य टोमॅटोतही असते. ते निसर्गतः आले की वरून घातले, हे सांगणारी चाचणीच नाही, असे प्राधिकरणाने २०१६ साली मान्य केले. म्हणजे ज्या प्रश्नापासून सारे सुरू झाले तो प्रयोगशाळेत सुटणारा नव्हताच. पण ‘घातलेले नाही’ असे छापून वाचणाऱ्याला ‘मुळीच नाही’ असे वाटू देणे हाही प्रामाणिकपणा नव्हे.

काही मित्र म्हणतात की अशा वेळी सरकारने लोकांना धीर द्यावा, घबराट पसरू देऊ नये. ब्रिटनने हा मार्ग चोखाळून पाहिला आहे. गाईंच्या मेंदूच्या रोगाने तेथील लोक धास्तावले असताना, १९९० साली कृषिमंत्री जॉन गमर यांनी चित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर आपल्या चार वर्षांच्या मुलीला बर्गर देऊ केला. मार्च १९९६ मध्ये त्याच सरकारला संसदेत सांगावे लागले की हा रोग माणसांपर्यंत पोहोचला असण्याचा संभव आहे. २००० साली आलेल्या फिलिप्स समितीच्या अहवालाने मंत्र्यांना खोटारडे ठरवले नाही. धोका नगण्य आहे असे त्यांना खरोखर वाटत होते, पण घबराटीच्या भयाने दिलेला तो दिलासाच चूक होता, असा त्याचा निष्कर्ष आहे. आमच्याकडे बंदी, त्यांच्याकडे बर्गर. लोकांसमोर मापन ठेवण्याऐवजी अधिकाराचा शब्द ठेवायचा, ही खोड दोन्हीकडे एकच.

आणि मापन ठेवायचे म्हटले तरी ते येणार कोठून? भारताच्या महालेखापरीक्षकांचा २०१७ सालचा अहवाल या प्रश्नावर निकालापेक्षाही अधिक बोलका आहे. पाहिलेल्या ७२ राज्य अन्नप्रयोगशाळांपैकी ६५ जणींकडे एन.ए.बी.एल.ची मान्यता नव्हती. मुंबईच्या न्यायालयात उघडी पडली ती एका प्रकरणातली चूक नव्हती, नेहमीची रीत होती. आपल्या गावचा अन्न निरीक्षक कितीही सचोटीचा असला, तरी त्याने नेलेली तेलाची बाटली अशा ठिकाणी जाणार असेल तर दोषी दुकानदार सुटतो आणि निर्दोष भरडला जातो. लोक मात्र ‘सगळे मॅनेज असते’ एवढेच शिकतात. आम्हाला या वाक्याची भीती शिशापेक्षा कमी वाटत नाही, कारण ते आठवीतली मुलेही सहज बोलतात.

हे प्रकरण वर्गात घेतले तर एक प्रश्न नक्की येईल. “सर, मग त्या पाकिटात शिसे होते की नव्हते?” मोहाली, जयपूर आणि हैदराबादचे आकडे बाराबंकीच्या नमुन्याविषयी काही सांगत नाहीत. ती दुसरी पाकिटे होती. १७.२ हा आकडा खरा होता, की काचसामानातून आला, की लिहिताना चुकला, हे ठरवायला त्याच नमुन्याचा मोहोरबंद भाग चांगल्या प्रयोगशाळेत वेळेवर मोजायला हवा होता. बाजारातून परत बोलावलेला हजारो टन माल तर त्याच वर्षी सिमेंटच्या भट्ट्यांत जाळून टाकण्यात आला.